झडपा कुणी लावल्या

१९८४ साली आमच्या घरी स्मोकर आला, आणि त्याच वर्षी माझ्या दिरांनी ते सुप्रसिद्ध वाक्य उच्चारलं. इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

स्मोकर यांनी आणला, म्हणजे माझ्या नवऱ्याने. दुकानातला सगळ्यात स्वस्त. कमरेएवढं उभं पत्र्याचं पिंप. तळाशी कोळशाचं ताट, मध्ये पाण्याचं पातेलं, वर जाळी. जाळीवर मासे किंवा मांस ठेवायचं, झाकण घालायचं आणि मंद धुरावर निवांत शिजू द्यायचं. झाकणावर एक तबकडी होती, पण तिच्यावर आकडे नव्हते. तीन शब्द होते: थंड, ठीक, गरम. सासूबाई आयुष्यभर शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेल्या. त्या तबकडीकडे बघून म्हणाल्या, "हा आपल्या तब्येतीची चौकशी करतोय की काय?"

पहिल्या दिवशी मासे एका बाजूने कोळसा आणि दुसऱ्या बाजूने कच्चे निघाले. दुसऱ्या खेपेला विस्तव मध्येच विझला. तबकडी मात्र दोन्ही वेळा "ठीक"च म्हणत होती. यांनी पिंप परसात कपडे वाळत घालायच्या दोरीखाली ढकललं आणि विषय संपवला.

दीर तेव्हा आमच्याकडेच राहायचे. घरात त्यांना आम्ही अध्यक्ष म्हणायचो, कारण चार माणसं जमली की मधली खुर्ची त्यांची आणि पहिलं भाषणही त्यांचं. मी ते पिंप पुन्हा बाहेर ओढलं तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, भंगारवाल्याला हाक मारू का?"

"मारा," मी म्हटलं. "तुम्हालाही घेऊन जातो का विचारा."

लग्नाआधी मी एका बेकरीत भट्टीवर काम करत होते. लग्न झालं आणि घरचं कोण बघणार म्हणून ते सुटलं. पण आच कोळशाच्या हातात नसते, हवेच्या हातात असते, एवढं मला तिथेच कळलं होतं. या पिंपाच्या ताटाला एकही भोक नव्हतं. निखारे आपल्याच राखेत गुदमरत होते. मी ताटाला भोकं पाडली, वर जुनी जाळी टाकली, म्हणजे राख खाली गळावी. तर आता हवा इतकी झाली की कोंबडीचा निखाराच झाला. मग पिंपाच्या अंगाला खाली दोन आणि झाकणाला एक अशी मोजकी भोकं ठेवली, बाकी सगळ्या वाटा बुजवल्या. प्रत्येक भोकावर स्क्रूभोवती फिरणारी पत्र्याची झडप बसवली. जेवढी सरकवाल तेवढी हवा.

झाकणाच्या फटीतून धूर निसटायचा. तिथे मी साधी सुती दोरी चिकटवली, ती पेटली आणि त्या दिवशीच्या जेवणाला दोरखंडाचा वास आला. अध्यक्षांनी तो किस्सा गल्लीभर सांगितला. नंतर मी शेगडीच्या दाराला असते ती न जळणारी दोरी आणली. पाण्याच्या पातेल्यात वाळू भरली, ती तापली की ऊब धरून ठेवते. शेवटी जाळीच्या उंचीवर भोक पाडून बुचातून खरा, आकड्यांचा थर्मामीटर आत सरकवला. एवढं सगळं होईपर्यंत कुणी मला साधा स्क्रूही उचलून दिला नाही. हे पेपर वाचायचे आणि अध्यक्ष सूचना करायचे.

आणि मग एका रविवारी सकाळी काटा जिथे उभा केला, तिथेच तो जेवणाच्या वेळेपर्यंत उभा राहिला.

त्या वासाने कोपऱ्यावरचा खानावळवाला कुंपणाशी आला. मी ताटल्या आणायला आत गेले होते. बाहेर येते तो हा गृहस्थ माशाचा तुकडा तोंडात घोळवत उभा. "दर आठवड्याला द्याल का असे? पण चव हीच हवी, दरवेळी. हे पिंप सुधारलं कुणी?"

मी तोंड उघडायच्या आत अध्यक्ष म्हणाले, "झडपा मी लावल्या."

आता खरी गोष्ट ऐका. थोड्या वेळापूर्वी काटा जरा चढला होता आणि माझे हात मिठाच्या पाण्यात होते, म्हणून मी त्यांना सांगितलं होतं, "भाऊजी, खालच्या झडपा जरा लावून घ्या." त्यांनी त्या बुटाच्या टोकाने सरकवल्या. झालं! सुतार दार लावतो म्हणजे बसवतो, आणि आपण दार लावतो म्हणजे मिटतो. त्या दोन अर्थांच्या फटीतून हा माणूस अलगद आत शिरला.

खानावळवाल्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली. पिंप खानावळीच्या मागे कधी हलवायचं, अध्यक्ष तिथे कधी येणार, हेही ठरू लागलं. बेकरी सुटल्यापासून पहिल्यांदा माझं म्हणावं असं काम दारात आलं होतं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या खिशात चाललं होतं. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी आभाळाकडे पाहिलं.

"भाऊजी," मी म्हटलं, "लावल्या म्हणजे नक्की काय केलंत?"

"लावल्या म्हणजे लावल्या, वहिनी. शब्दाचा कीस कशाला पाडताय?"

खिडकीशी विणत बसलेल्या सासूबाईंनी सुया खाली ठेवल्या. "कीस नाही, अर्थ विचारतेय ती. बसवल्यास की मिटल्यास?"

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मी पडले नाही, तू पडायला आलायस. क्रियापद सांग."

"अगं, घरात सगळ्यांनी मिळूनच केलं ना ते…"

"मघाशी तर 'मी' होता. एकवचनाचं अनेकवचन इतक्या लवकर?"

खानावळवाला खो खो हसला आणि माझ्याकडे वळला. "मग बाई, हे चालवणार कोण?"

"मी. आणि पिंप इथून हलणार नाही."

काम मला मिळालं. पण राग तिथे संपला असता तर मी हे लिहायला बसलेच नसते. खानावळवाला गेल्यावर हे मला म्हणतात, "चारचौघांत त्याला तोंडघशी पाडायची काय गरज होती? घरातलं घरात मिटवलं असतं."

"झडपा कुणी बसवल्या, तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"भाऊ आहे तो माझा."

"आणि मी कोण?"

त्यावर यांनी पेपर उघडला. दिरांचा लबाडपणा मी एखादवेळी हसण्यावारी नेला असता. तो पेपर मी विसरले नाही.

खानावळ पुढे बरीच वर्षं चालली आणि तिथले मासे माझेच होते. मालकाने म्हातारपणी ती विकली आणि तो मुलीकडे राहायला गेला. अध्यक्ष खरोखरच एका क्लबाचे अध्यक्ष झाले आणि शेवटपर्यंत खुर्ची सोडली नाही. सासूबाईंना अखेरीस माणसांची नावं आठवत नसत, पण डॉक्टरांचं व्याकरण त्या सुधारत. यांनी पुढे मला दुसरा, चांगला मोठा स्मोकर आणून दिला. त्या दुपारबद्दल मात्र ते जाईपर्यंत अवाक्षर काढलं नाही. मला स्मोकर नको होता, एक वाक्य हवं होतं.

माझे गुडघे गेल्यापासून काम अध्यक्षांची मुलगी बघते. हुशार आहे, बापासारखी बोलघेवडी नाही. आता तिने या माशांचं छोटं दुकान काढलंय. त्याच्या पाटीवर काय घालू, असं तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, तुझं नाव घाल, आणि मोठ्या अक्षरात घाल.