पहिला पत्रा मावळतीला

पत्र्याच्या कामात रहिमान शिकलगारचं नाव रहिमतपूरपासून विट्यापर्यंत घेतलं जाई, आणि हे सगळ्यांत जास्त त्याला स्वतःला ठाऊक होतं. तीस वर्षांत आपल्या हातचं एकही छप्पर गळलं नाही, असं तो सांगे. समोरच्याच्या चेहऱ्यावर शंका दिसलीच, तर पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं सांगे. असा माणूस जूनच्या एका सकाळी नाथाजी मान्यांच्या गोठ्यावर दुसरा पत्रा हातात धरून जागच्या जागी थिजला, तेव्हा खाली उभ्या असलेल्या गुंडाला वाटलं की याला चक्कर आली. गुंडा वीस वर्षांपासूनचा त्याचा जोडीदार. त्यानं शिडी घट्ट धरली.

नाथाजी काही वावगं बोलला नव्हता. उलट कौतुकच करत होता.

"बरं केलंत, मावळतीकडनं सुरुवात केलीत," तो म्हणाला होता. "आपल्याकडं वळीव कायम उगवतीकडनं चढून येतो. आता सांध्यात वारं शिरायचं न्हाई."

पत्रे एकावर एक कड चढवत पुढं नेतात. वर आलेली कड वाऱ्याच्या तोंडाला उघडी राहिली तर वारा त्या फटीत शिरतो, रोज थोडं थोडं हलवतो आणि एक दिवस पत्रा उचलतो. म्हणून वारा ज्या बाजूनं येतो, तिच्या उलट टोकाकडून काम धरायचं. हे रहिमानला शिकवायची गरज नव्हती. पण माण-खटाव तालुक्यांत, विट्याकडं तीस वर्षं एकाच टोकाकडून सुरुवात करता करता त्याच्या हातांना 'मावळतीकडून' एवढंच पाठ झालं होतं. कशासाठी, ते हात विसरून गेले होते.

आणि गेल्या महिन्यात हेच हात पाटणच्या वर, मोरणा खोऱ्यातल्या एका वाडीत एक अख्खं घर झाकून आले होते. तिथं पाऊस चार महिने मावळतीकडून येतो. वळवासारखा तासभर धिंगाणा घालून परत जाणारा तो पाऊस नव्हे, तो मुक्कामालाच येतो. रहिमाननं तिथंही पहिला पत्रा मावळतीच्याच टोकाला टाकला होता.

हातातला पत्रा त्यानं हळूच खाली ठेवला. 

घर बनुबाई मोऱ्यांचं. बाई सत्तरीच्या, एकट्या. मुलगा जयराज सैन्यात. त्याच्या पलटणीतल्या विट्याच्या एका सोबत्यानं रहिमानचं नाव सुचवलं आणि जयराजनं सगळं काम फोनवरच ठरवलं. त्याची बदली सरहद्दीवर झाली होती, तिथं कुटुंब नेता येत नव्हतं. म्हणून बायको साक्षी आणि चार वर्षांचा वीरधवल पावसाळाभर वाडीत राहणार होते. जुनी कौलं उतरवून पत्रा घालायचा तो त्यांच्यासाठीच. दोघं पंधरा जूनला पोचतील, त्याआधी छप्पर झालं पाहिजे, असं जयराजनं तीनतीनदा बजावलं होतं. रहिमाननं ते मेअखेरीलाच करून दिलं होतं आणि वेळेआधी झालं म्हणून शाबासकीही घेतली होती.

आज अठरा तारीख होती.

त्यानं बनुबाईंना फोन लावला, तो बंद. जयराजचा नंबर काढला, पण घंटी वाजायच्या आतच फोन कापला. पुन्हा काढला, पुन्हा कापला. सरहद्दीवर उभ्या असलेल्या माणसाला काय सांगायचं? तुझं लेकरू मी उलट्या छपराखाली झोपवलंय म्हणून? नाथाजीनं बातम्यांत ऐकलं होतं की पाटण-कोयनेकडं तीन दिवस झोडपून काढतोय आणि उद्यापासून वारा वाढणार आहे. त्यानं ते अगदी सहज, तंबाखू मळता मळता सांगितलं.

"गुंडा," रहिमान खाली उतरून म्हणाला, "गाडी काढ."

मसूर, उंब्रज, मल्हारपेठ. मोटारसायकलीवर मागं बसलेला रहिमान सारखा आभाळाकडं बघत होता. मसूरपर्यंत नुसती ढगांची सावली होती, उंब्रज सोडलं आणि पावसानं तोंडावर मारायला सुरुवात केली. समोरून, मावळतीकडून. वाऱ्यानं गाडी एका अंगाला ढकलली जात होती. प्रत्येक झोताला रहिमानच्या डोळ्यांसमोर त्या घराची एकेक कड उचकटत होती. वळवाच्या गावचा माणूस तो, असला वारा त्यानं छपराखाली बसूनसुद्धा कधी सोसला नव्हता, आणि छपरं बांधायला मात्र इकडं आला होता. स्वतःची त्याला चीड आली.

मल्हारपेठेत ते चहाला थांबले. काय झालंय ते कळल्यावर गुंडानं तोड काढली.  सांध्यांवरनं आडव्या लोखंडी पट्ट्या मारायच्या. म्हणायचं, जादा मजबुती, आमच्याकडनं फुकट. म्हातारी खूश, आपण मोकळे. हा पावसाळा तर निघेल.

"आन् न्हाई निघाला तर?" रहिमाननं विचारलं.

गुंडानं कप बशीत उपडा ठेवला. एवढं झालं तरी त्यांनी तिथल्याच दुकानातून पट्ट्या घेतल्याच. ताडपत्री आणि दोरही घेतला. पट्ट्या घेताना रहिमानला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली.

पुढच्या वाटेवर त्याला पहिल्या पत्र्याचा दिवस आठवत राहिला. बनुबाईंनी उंबऱ्यापाशी नारळ फोडला होता. पत्रा वाशांवर चढला, दोन स्क्रू बसले. तेव्हा बाई अंगणात मध्यावर येऊन उभ्या राहिल्या, वर बघत. "मिस्त्री, ते वारं..." असं काहीतरी त्या म्हणाल्या होत्या. रहिमाननं पुरतं ऐकूनही घेतलं नव्हतं. मावशी, बिनघोर राहा, तीस वर्षं हेच करतोय, असं म्हणून तो हसला होता. बाई मान हलवून आत गेल्या होत्या.

वाडीत पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते आणि पाऊस नुकताच उघडला होता. वळणावरून घर दिसलं. निळं छप्पर जागेवर होतं. रहिमाननं डोळे मिटून अल्लाचे आभार मानले आणि लागलीच मनात दुसरी गोष्ट आली, ती तितकीशी चांगली नव्हती. छप्पर शाबूत आहे, मग बोभाटा करायचाच कशाला?

जवळ गेल्यावर मात्र आवाज ऐकू आला. वाऱ्याची झुळूक आली की सांध्यासांध्यातून बारीक फडफड होई. नवख्याला तो नव्या पत्र्याचा आवाज वाटला असता, रहिमानला तो वाटला नाही.

साक्षीनं त्यांना अंगणातच गाठलं. घरातल्या फोटोत पाहिली होती म्हणून त्यानं ओळखली. छपराचे मिस्त्री हेच, हे कळताच तिनं चहापाणी विचारायच्या आधी गाऱ्हाणंच मांडलं. घर नवं झालं म्हणून ती हौसेनं आली, आणि तीन दिवस सासूबाई तिला आणि पोराला मागच्या गोठ्यात झोपवत होत्या, म्हशीशेजारी, जुन्या कौलांखाली. काय तर म्हणे नव्या पत्र्याचा आवाज फार होतो, पोरगं दचकेल. डासांनी पोराचं अंग फोडून काढलं होतं. जयराज फोनवर आईला बोलला, तरी त्यांचा हेका सुटेना. साक्षीला वाटत होतं की आपलं येणंच यांना नको आहे.

"आज मी आत अंथरूण घातलंय. तो आत्ता तिथंच झोपलाय," ती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणे. "तुम्हीच सांगा आत्यांना. छप्पर पक्कं आहे ना?"

रहिमाननं आणलेल्या पट्ट्यांकडं बोट दाखवलं. 

"पट्ट्या मारायला आलोय," तो पुटपुटला. "जादा मजबुती म्हणून."

"मग झालं," साक्षी म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

गुंडानं शिडी लावली. तेवढ्यात गोठ्याच्या बाजूनं बनुबाई आल्या, शेणानं भरलेले हात पुढं धरून. त्यांनी पट्ट्यांकडं पाहिलं, मग छपराकडं, मग रहिमानकडं. काय ते त्यांना एका नजरेत उमगलं, आणि त्यांना उमगलं हे त्यालाही कळलं.

"मावशी, तुमाला ठावं हुतं?"

बनुबाई घराचा कानोसा घेऊन हळू आवाजात बोलल्या. त्यांचे मालक दर साल पावसाआधी छपराची शाकारणी करायचे, जुनी कौलं उतरवून पुन्हा नीट लावायचे. कौलं नेहमी उगवतीकडून लावत यायचे, मावळतीचं वारं पाठीवरनं जावं म्हणून. हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल.

"मग त्या दिशी बोलला का न्हाईत?"

"नारळ फुटला हुता न्हवं," त्या म्हणाल्या. "नारळ फुटल्यावर पयला पत्रा मागं घेत न्हाईत. आपशकून असतो. आन् तुमी तीस वर्सांचं म्हनालात. पोरानं फोनवर सांगितल्यालं, आई, कारागिराच्या मधी तोंड घालू नगंस. म्या म्हनलं, आसंल काय पत्र्याचं येगळं, आपल्याला कौलातलं कळतंय."

रहिमान पंधरा-वीस दिवस ढाराढूर झोपला होता. ही बाई मात्र वारा सुटला की जागी बसत होती. पोरं आल्यावर तिनं त्यांना गोठ्यात नेलं, सुनेचे टोमणे खाल्ले, मुलाचं बोलणं खाल्लं, पण कारागिरानं चूक केली असा शब्द कुणापुढं काढला नाही. रहिमानला तिच्याकडं बघवेना.

"तिला सांगू नगा," बनुबाई म्हणाल्या. "लय हौसेनं आलीया. पट्ट्या मारा आन् जावा तुमी. म्या निजवते त्यास्नी गोठ्यात. बोलंना का मला."

सुटकेचं दार असं उघडं समोर आलं. गुंडानं तर पट्टी खांद्यावर घेतलीसुद्धा. कुणी विचारणार नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं, रहिमतपूर ते विटा नाव तसंच राहणार होतं. रहिमान दोन पावलं शिडीकडं गेला. तिथून माजघराचं दार दिसत होतं. आत फुलाफुलांच्या गादीवर वीरधवल पालथा झोपला होता, एक पाय गादीबाहेर, पोटरीवर डासांचे लाल ठिपके. वर बरोबर तिसरा सांधा. वाऱ्याचा झोत आला आणि पत्र्याची कड वाजली. पोर कुशीवर वळलं.

रहिमान उलटा फिरला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. 

"ताई, चहा ऱ्हाऊ द्या. आधी पोराला उचला," तो म्हणाला. "सासूबाईंचं बरोबर हाय. छप्पर म्या उलटं घातलंय. पट्ट्यांनी निभायचं न्हाई. उघडीप हाय तवर सगळं उतरवून ताडपत्री घालतो. उद्यापास्नं उगवतीकडनं पयल्यापास्नं घालतो. हितंच ऱ्हातो, झाल्याबिगर जात न्हाई. जयराजरावास्नी फोन म्याच करतो."

साक्षीनं गॅस बंद केला. ती धावतच माजघरात गेली. पोराला उचलून खांद्यावर टाकलं, गादी एका हातानं ओढत बाहेर आणली. अंगणात बनुबाईंनी पुढं होऊन गादीचं दुसरं टोक धरलं. तिथं साक्षी थांबली. तिला रडू फुटलं.

"आत्या, मला आधी का नाही सांगितलंत?"

"म्या सांगितलं आस्तं," बनुबाई म्हणाल्या, त्यांच्या आवाजात राग नव्हता, "तर आईकलं कुनी आस्तं?"

रहिमाननं ते शिडीच्या पहिल्या पायरीवर उभं राहून ऐकलं. मावळतीला आभाळ पुन्हा भरून येत होतं. तो वर चढला, उगवतीच्या टोकाशी गेला आणि सर्वांत शेवटी बसवलेला पत्रा आधी सोडवायला लागला.