ग्रोविकची सहल

"त्या रस्त्यावर मोठी बस जात नाही," हाल्वर म्हणाला.

"माझा भाऊ परवाच जाऊन आला. बसनेच," नकाशावरची नजर न उचलता डाग्नीने सांगितलं.

स्वीडनमधल्या बोरोस शहरात पेन्शनर मंडळाची बैठक चालली होती. टेबलावर कॉफीचा थर्मास, वेलचीचे पाव आणि मधोमध पश्चिमेच्या बोहुसलेन किनाऱ्याचा नकाशा. मंडळाची उन्हाळी सहल आजवर हाल्वरच ठरवत आला होता. जन्मभर कापडगिरणीत मागांची दुरुस्ती केलेला माणूस. गिरणी बंद पडली, हात रिकामे झाले, तेव्हा त्याने हे काम अंगावर घेतलं. त्याने लोकांना काचेचे कारखाने दाखवले, जंगलं दाखवली, तळी दाखवली. पश्चिमेचा समुद्र इतका जवळ असून तिकडे मात्र त्याची बस कधी वळली नव्हती. त्याची बायको एब्बा दर उन्हाळ्यात समुद्राचा हट्ट धरायची. तो तिला व्हेटर्न तळ्यावर न्यायचा आणि म्हणायचा, एवढं पाणी पुरे नाही का तुला? एब्बा गेली, समुद्र राहिलाच.

यंदा डाग्नी अध्यक्ष झाली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात हुकमत गाजवून निवृत्त झालेली बाई. तिचं आणि हाल्वरचं पहिल्यापासूनच विळ्याभोपळ्याचं सख्य. तिने ग्रोविक हे खाणीचं गाव सुचवलं आणि हाल्वर हट्टाला पेटला. तिथे कॉफी महाग, संडासाची सोय नाही, म्हाताऱ्यांचे गुडघे त्या खडकांवर टिकायचे नाहीत. तो एकेक कारण काढत होता आणि डाग्नी ते तिथल्या तिथे खोडून काढत होती.

"तुझ्या हातून कारभार गेला ना, म्हणून पोटात दुखतंय तुझ्या," ती शेवटी म्हणाली. बाकीचे हसले.

"दुखू दे. पण ग्रोविकला जायचं नाही."

का, ते त्याने सांगितलं नाही. हात वर करायला सांगितले तेव्हा त्याचा एकट्याचाच खाली राहिला.

मग अल्गोटने खुर्ची पुढे ओढली. हा ऐंशीचा म्हातारा ग्रोविकचाच. तरुणपणी तिथल्या खाणीत दगड फोडलेला. सहलीत काय काय दाखवायचं ते तो सांगू लागला. खाण, दगड जहाजावर चढवायचा धक्का, युनियनचं सभागृह. सांगता सांगता गाडी त्या मोठ्या संपावर आली. हिवाळाभर लोकांनी नुसते हेरिंग मासे खाऊन काढले, पण कोणी वाकलं नाही. वाकला एकच, फ्रान्स नावाचा. कंपनीने बोलावलं आणि हा कामावर गेला. अशा माणसाला तिकडे काळपाया म्हणत, आणि त्याच्या पोरांनाही. अल्गोट आणि त्याच्या दोस्तांनी फ्रान्सच्या दाराला डांबर फासलं होतं.

"शेवटी बायकापोरांना घेऊन होडीत बसला," अल्गोट चवीने सांगत होता. "सगळा गाव किनाऱ्यावर आला होता. शिवी नाही, दगड नाही. आम्ही सगळे नुसते पाठ करून उभे राहिलो."

ऐकणारे माना डोलवत होते. जन्म गिरणीत काढलेली माणसं. संप फोडणाऱ्याबद्दल कुणाला माया नव्हती.

हाल्वरने कप खाली ठेवला. "मी होतो त्या होडीत," तो म्हणाला.

अल्गोट त्याच्याकडे बघत राहिला. "फ्रान्सचा पोरगा तू? आणि हे आडनाव?"

"आईकडचं लावतो. घरात बहीण आजारी होती. डॉक्टरला द्यायला काही नव्हतं, म्हणून वडील गेले कामावर."

"आजारी पोरं सगळ्यांच्याच घरात होती," अल्गोट म्हणाला. "माझा धाकटा भाऊ त्याच हिवाळ्यात गेला. माझा बाप नाही गेला कामावर."

यावर काय बोलायचं, हे हाल्वर आठ वर्षांचा असल्यापासून शोधत होता.

"बहीण वाचली का?" डाग्नीने विचारलं.

"नाही. तिथेच पुरलीय."

अल्गोट म्हणाला, "हा बसमध्ये असेल तर मी येणार नाही."

सगळे डाग्नीकडे बघू लागले. हाल्वरचा काटा काढायला याहून सोपी वेळ तिला मिळाली नसती. तिने नकाशाची घडी घातली.

"ज्याला यायचंय त्याने यावं, नको असेल त्याने घरी बसावं. दोघांनाही सांगतेय." मग ती हाल्वरकडे वळली. आवाजात कुठेही ओलावा नव्हता. "आणि तू. रस्त्याबद्दल आम्हाला खोटं सांगितलंस. ते मी विसरणार नाही."

जूनमध्ये बस निघाली. अल्गोट आला आणि अगदी पुढे बसला. हाल्वरही आला. तो शेवटच्या बाकावर बसला. शेजारची जागा ग्रोविकपर्यंत रिकामीच राहिली. कॉफीसाठी थांबले तेव्हाही त्याच्याशी कोणी बोललं नाही.

ग्रोविकला पोचल्यावर अल्गोट सगळ्यांना घेऊन खाणीकडे गेला. हाल्वर एकटाच चढावर चर्चकडे निघाला. कबरस्तानातल्या सगळ्या रांगा त्याने पालथ्या घातल्या. बहिणीच्या कबरीवर दगड बसवण्याइतकी ऐपत तेव्हा नव्हती, आणि आता ज्या कोपऱ्यात ती असावी असं त्याला वाटत होतं, तिथे अनोळखी नावांचे गुळगुळीत दगड उभे होते. तो त्या कोपऱ्यात थोडा वेळ उभा राहिला.

परतताना तो त्याच्या लहानपणच्या घरावरून गेला. घराला नवा रंग होता, अंगणात उन्हाळ्यापुरत्या राहायला येणाऱ्या गोथेनबर्गच्या शहरी लोकांच्या असतात तशा पांढऱ्या खुर्च्या. गुलाबांना पाणी घालणाऱ्या बाईने त्याला कुंपणापाशी घुटमळताना पाहिलं.

"कुणाला शोधताय का?"

"नाही," हाल्वर म्हणाला. "सहलीबरोबर आलोय."

"मग चुकलात तुम्ही. तुमची माणसं खाली गेली," ती म्हणाली. आणि नवख्या माणसाला सांगतात तसं हात करून तिने समजावलं, उजवीकडून उतरू नका, तिथे खडक निसरडा आहे, डावीकडची पायवाट धरा.

हाल्वरने टोपी काढली, तिचे आभार मानले आणि डावीकडची पायवाट धरली.