मोटरसायकलवर दोघं

एका मोटरसायकलवर दोघं असले, की थांबायचं. तोंडाकडे बघायचं नाही. हातातलं देऊन टाकायचं.

संत्र्याच्या रसाचा एक थेंब मापकाच्या काचेवर टाकला, की त्यात साखर किती ते दिसतं.

साल्तोत कुणी दार वाजवत नाही. फाटकाशी उभं राहून टाळ्या वाजवतात.

एक्वादोरमध्ये, ग्वायाकिलच्या घरी, माझ्या भावाचे, हेफरसनचे, बूट अजून दाराशीच आहेत. मामी, म्हणजे आमची आई, ते पुसते.

दुपारी साल्तोतलं कुत्रंसुद्धा भुंकत नाही.

*

शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप परदेशात करायची होती. कॉलेजच्या बाईंनी दोन जागा सांगितल्या: ब्युनोस आयर्स, नाहीतर उरुग्वेतलं साल्तो, संत्र्यांच्या पॅकिंग शेडमधली प्रयोगशाळा. सगळ्यांनी ब्युनोस आयर्स मागितलं. मी साल्तो.

"यामिलेत, वेडी आहेस का," मैत्रीण म्हणाली. "तिथे माणसांपेक्षा संत्री जास्त."

मला तेच हवं होतं.

मामीची अट एकच. "काही झालं, कुणी नुसतं मागे लागलं, तरी परत यायचं. त्यावर चर्चा नाही."

परत म्हणजे आमच्या गल्लीत. तिथे बेकरीच्या शटरला भोकं आहेत आणि ती कशाची हे कुणी विचारत नाही. जानेवारीपासून घरात आम्ही दोघीच. मला परत जायचं नव्हतं. साल्तोची भीती वाटली तरी ती मामीला कळू द्यायची नाही, असं ठरवून मी आले.

*

आणि भीती वाटायची. लहान शहर म्हणजे सुरक्षित, असं मी धरून चालले होते. पण दुपारी जेवणं झाली की साल्तो झोपतं. दुकानं बंद, खिडक्यांच्या फळ्या बंद, रस्त्यावर ऊन आणि मी. आमच्याकडे रस्ता असा रिकामा झाला, की समजायचं: ज्यांना कळायला हवं त्यांना कळलंय, आता काहीतरी होणार.

त्या दुपारी शेडमधून निघाले. फोन हातात होता, कारण या वेळेला मामीचा फोन येतो. मागून मोटरसायकलचा आवाज आला. वेग कमी झाला. माझ्या चालण्याइतका झाला.

दोघं. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, काचा खाली.

मोटरसायकल शेजारी थांबली. मागे बसलेल्याने पिशवीत हात घातला.

*

(इथे मला काही आठवत नाही. संत्र्याच्या सालींचा वास आठवतो.)

*

मी फोन पुढे केला. घड्याळ काढून त्याच्यावर ठेवलं. डांबराकडे बघत होते. कुणीतरी काहीतरी म्हणालं, ते कानात शिरलं नाही. कोपऱ्यापर्यंत चालले, कोपऱ्यानंतर पळाले.

*

मी निबियाबाईंकडे, इथल्या भाषेत दोन्या निबियांकडे, खोली घेतली होती. त्या झोपल्या होत्या. मी दाराला खुर्ची लावली. खुर्चीला टेबल लावलं. टेबलाला पाठ लावून खाली बसले.

मग लक्षात आलं. मामी फोन करणार. उचलणार तो माणूस.

बाहेर टाळ्या वाजल्या.

थांबल्या. परत वाजल्या. त्यांना घर माहीत होतं. दोन्या निबियांच्या सपाता फाटकाकडे जाताना ऐकू येत होत्या, आणि मला ओरडायचं होतं की जाऊ नका, पण मी टेबलाला आणखी जोरात पाठ रेटली.

"झोपेच्या वेळी टाळ्या? आईने काही शिकवलं नाही का रे, विल्मार?"

"दोन्या, तुमची एक्वादोरची पोरगी कुठंय? तिला बोलवा. हा फोन घ्या, मला भीती वाटतेय."

"तुला?"

"यात एक बाई रडतेय. म्हणते, माझ्या मुलीला काही करू नका. मी म्हटलं, बाई, मी काहीच करत नाही, तिचा फोन माझ्याकडे आहे एवढंच. तर ती जास्तच रडायला लागली."

"असं बोलतात होय, गाढवा?" हा बाईचा आवाज. मागे बसलेली ती होती. मिर्ता, आमच्या शेडमधल्या पॅकिंगच्या पट्ट्यावरची. चालवणारा विल्मारही तिथलाच. "पोरगी डबा विसरली म्हणून द्यायला थांबलो, तर हिने घड्याळपण काढून दिलं. आम्हाला वाटलं, बरं नाहीये हिला."

मी टेबल सरकवलं.

*

"मामी, मी आहे. मी ठीक आहे."

"ते तुला असंच बोलायला लावणार."

"नाही, मामी. ही माझ्या कामावरची माणसं आहेत."

"हेही लावणार. आपल्या कुत्रीचं नाव काय होतं?"

"पेलुसा. मामी, खरंच."

मी कॅमेरा लावला. मामीला दिसली मोटरसायकल, आणि हेल्मेट घातलेली दोन माणसं. तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी आधी एकदाच ऐकला होता.

"हेल्मेट काढा," दोन्या निबिया म्हणाल्या. "बाई घाबरतेय, दिसत नाही?"

विल्मारने काढलं. टक्कल, घाम, काखेत थर्मास, त्यात ‘माते’ या इथल्या कडू चहासाठी गरम पाणी. त्याने कॅमेऱ्याला हात केला आणि लगेच खाली घेतला, जणू तोही गुन्हा असावा.

"बाकीची माणसं कुठे गेली?" मामी म्हणाली. "रस्ता असा का?"

"झोपलीत."

"दिवसाढवळ्या?"

मी फोन शेजारच्या घराकडे वळवला. दार सताड उघडं होतं. उंबऱ्यात चपला, आत पंख्याखाली कुणाचे तरी पाय. मामी कितीतरी वेळ ते पाय बघत राहिली. फोन बंद करू दिला नाही.

मग म्हणाली, "त्या बाईला दे."

मिर्ताने फोन घेतला. "बोला."

"तुम्ही रोज त्याच रस्त्याने जाता?"

"रोज."

"मग माझ्या मुलीला घरी सोडत जाल?"

"सोडू की. विल्मार दोन फेऱ्या मारेल. तेवढंच अंग हलेल त्याचं."

"मोटरसायकलवर," मामी म्हणाली. हा प्रश्न नव्हता. मग म्हणाली, "बरं. तिला नीट धरून बसायला सांगा."

परत ये, असं ती म्हणाली नाही.

*

दुसऱ्या दिवशी मी हेल्मेट घातलं, काच खाली केली. रिकाम्या रस्त्यावरून आम्ही निघालो. दुकानांच्या बंद काचांत एका मोटरसायकलवर दोघं दिसत होते. मागची मी होते. डोळे मिटले तर जास्त भीती वाटत होती, म्हणून उघडे ठेवले.

*

जानेवारीत हेफरसनने फोन लगेच देऊन टाकला होता, आणि मागे बसलेल्याने तरीही गोळी झाडली.