धाकटीसाठी राखलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी सरकारी खुर्ची आहे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, आवक विभागात, खिडकीकडून दुसऱ्या टेबलामागे माझा मुक्काम असतो. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने क्रमांक घातला आहे, एका पायाला तारेचे वेढे आहेत आणि डावा हात झिजून गुळगुळीत झाला आहे. हल्लीच्या चाकांच्या खुर्च्या मला बघून नाक मुरडतात. खुशाल मुरडोत. त्यांतली एकही फार काळ टिकलेली मी पाहिलेली नाही.

माझा जन्म तुरुंगाच्या कारखान्यात झाला. सरकारी टेबल-खुर्च्या तेव्हा तिथेच बनत. जन्मठेप भोगणाऱ्या एका सुताराने मला घडवले आणि दुसऱ्या कैद्याने वेताची बैठक विणली. विणून झाल्यावर त्याने तळहाताने दाबून पाहिले आणि म्हणाला, "हिच्यावर बसेल तो काही लवकर सुटायचा नाही." दोघे हसले. मला ती शाबासकीच वाटली.

माझ्यावर पहिल्यांदा बसले ते आवक लिपिक. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या हातात पडे. माणूस गमत्या होता. दुपारी डबा खाल्ला की मागे रेलून ते माझे पुढचे दोन पाय हवेत उचलत आणि शेजारच्या टेबलाला कोपरखळ्या मारत. मी मनात कुरकुरायची, पण ते वजन मला आवडायचे. मग एका वर्षी त्यांनी रेलणे सोडले. बसताना आधी डावे कोपर माझ्या हातावर टेकवायचे, तसेच थांबायचे आणि मग सावकाश अंग सोडायचे. आम्हा खुर्च्यांना बसलेल्याचा चेहरा दिसत नाही, पण वजन बरोबर कळते. काहीतरी वाईट येऊ घातले आहे, हे मला कळले होते. बाकी कचेरी आपल्या कामात होती. एका दुपारी डबा उघडायचा राहिला आणि ते बसल्याजागी गेले.

ही खुर्ची माणूस खाते, असे लोक म्हणू लागले. मला ते फार लागले.

काही दिवसांनी त्यांची बायको कचेरीत आली. सोबत शाळकरी मुलगी होती, लाडाने सगळे तिला धाकटी म्हणत. नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्या एकाला त्याच्या जागी घेतात. अनुकंपा नियुक्ती म्हणतात तिला. बाई शिकलेल्या होत्या. स्वतःच्या नावाचा अर्ज त्यांनी नीट लिहून आणला होता. तो त्यांनी हेडक्लार्कच्या हातात दिला. या हेडक्लार्कना सगळे नियमकाका म्हणत, कारण कोणताही नियम त्यांच्या जिभेवर असे. गेलेल्या माणसावर त्यांचा भावासारखा जीव होता.

अर्ज वाचून त्यांनी तो परत बाईंच्याच हातात ठेवला. "वहिनी, ऐका माझं. तुम्ही आत्ता लागलात तर किती वर्षं नोकरी होणार? पेन्शन बसणार ती अर्धीमुर्धी. त्यापेक्षा जरा कळ काढा. धाकटी अठराची झाली की तिच्या नावाने अर्ज करू. तिची सगळी नोकरी होईल, पेन्शन पुरी मिळेल. जागा कुठे पळून जात नाही."

"पण भाऊजी, तोवर?"

"तोवर आम्ही आहोत ना!"

बाईंनी अर्जाची घडी घालून पिशवीत ठेवला. नियमकाकांनी मला उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवले आणि बजावले, "ही खुर्ची धाकटीची. कोणी बसायचं नाही." त्या कचेरीची ती रीतच होती, गेलेल्याची खुर्ची त्याच्या लेकरासाठी राखायची. सगळ्यांना ती मोठी मायेची गोष्ट वाटे. मी वर्षानुवर्षे भिंत बघत, एका मुलीच्या मोठे होण्याची वाट पाहत उभी राहिले. माझ्यावर धूळ साचली, कोळ्याने जाळे विणले. आई मात्र चार घरचे शिवणकाम करून दिवस ढकलत होती.

भिंतीकडे तोंड असतानाच मी तो नवा नियम ऐकला. कोणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवत होते. अमुक तारखेनंतर जो नोकरीत येईल, त्याला पगारावर ठरणारी जुनी पेन्शन मिळणार नाही. त्याच्या पगारातून दरमहा काही कापतील, सरकार त्यात भर घालील, ते सगळे बाजारात गुंतवतील आणि शेवटी जे उरेल त्यावर त्याचे म्हातारपण ठरेल. मग कोणीतरी म्हणाले, "हुश्श! आपल्याला लागू नाही," आणि चहा आला. माझ्याकडे कोणाची नजर वळली नाही. मला मात्र त्या दिवसापासून धास्ती बसली.

धाकटी अठराची झाली आणि आली. मला पुसले, वळवले, पेढ्याऐवजी सगळ्यांना गोळ्या वाटल्या. बसली तेव्हा तिचे वजन जाणवलेसुद्धा नाही. तिचे लग्न झाले, मुलगी झाली, नवरा दुसरीकडे संसार थाटून मोकळा झाला. तिचे केस पिकू लागले तरी कचेरीसाठी ती धाकटीच राहिली. कामाला वाघ आणि तोंडाने गोड, त्यामुळे सगळ्यांची लाडकी.

गेल्या वर्षी तिने बसताना आधी डावे कोपर टेकवले.

मित्रांनो, मी ओरडले असते. पण लाकडाला आवाज कुठला? फार तर मी करकरले. ती म्हणाली, "हिचा पाय पुन्हा ढिला झालाय वाटतं," आणि तार आवळून घेतली.

डॉक्टरांनी हृदयाचा दोष सांगितला. नोकरी सोडून विश्रांती घ्या, म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या बाई तिच्या मागे लागल्या, "स्वेच्छानिवृत्ती घेऊन टाक गं."

"आणि खाऊ काय? तुम्हाला पेन्शन आहे, बाई. मी आत्ता सोडली तर हातात येईल ते औषधाला पुरायचं नाही. आई आहे, पोर आहे."

तेवढ्यात एक आदेश आला. अनुकंपेवर लागलेल्या ज्या कर्मचाऱ्याच्या घरातून नव्या नियमाच्या तारखेआधी अर्ज आला होता, तो जुन्या पेन्शनला पात्र. अर्जाची नोंद सापडत नसेल, तर अर्ज आला होता असे तेव्हा तो हाताळणाऱ्याने लिहून द्यावे. मुदत महिनाअखेरची. म्हणजे धाकटीचे सगळे पुढचे आयुष्य निवृत्त नियमकाकांच्या एका सहीवर येऊन ठेपले.

काठी टेकत काका आले. धाकटीने त्यांना बसायला मला दिले. ते माझ्या कडेलाच टेकले. समोर धाकटीची आई उभी होती.

"अर्ज आला होता, हे खरं," काका म्हणाले. "पण मी तो परत दिला, हेही लिहावं लागेल. मग विचारतील, कुठल्या नियमाने परत दिलात?"

"कुठल्या नियमाने दिला होतात, काका?" धाकटीने विचारले.

"नियमाने कुठला गं. मायेने." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "चौकशी लागली तर माझी पेन्शन अडकेल. ही अंथरुणाला खिळलीये घरी."

आई पुढे झाली. "भाऊजी, तेव्हा तुम्ही म्हणालात म्हणून मी अर्ज मागे घेतला. आज मी म्हणते म्हणून लिहा."

काकांनी पेन हातात घेतले. टोपण काढले. पुन्हा लावले. "उद्या येतो, वहिनी," म्हणाले आणि डोळे पुसत गेले. मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. उद्या कोणी आले नाही. त्यांच्या मुलाचा फोन तेवढा आला, बाबांना पुन्हा बोलावू नका म्हणून. महिना संपला.

आता धाकटी रोज येते, रजा घेत नाही. कोपर टेकवते, थांबते, मग बसते. तिच्या बापाचे थांबणे जेवढे लांबत गेले होते, तेवढेच हिचेही लांबते आहे.

परवा शाळेला सुट्टी होती म्हणून तिची मुलगी सोबत आली. आई कपाटाकडे गेल्यावर पोर माझ्यावर चढून बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. सगळे कौतुकाने जमले. "शोभते हो!" कोणीतरी म्हणाले. आणि शेजारच्या बाई, ज्या मनाने खरोखर चांगल्या आहेत, धाकटीला हळूच म्हणाल्या, "तू कशाला काळजी करतेस? देव न करो, पण काही झालंच, तर पोरीला ही खुर्ची आहेच. आम्ही राखू."

"ऊठ तिथून!"

धाकटी एवढ्या मोठ्याने कधीच ओरडली नव्हती. पोर दचकून उतरली आणि रडू लागली. धाकटीने मुलीला पोटाशी धरले, तिचे डोळे पुसले, तिला बाकावर नेऊन बसवले. टेबलावर कागद पडले होते. मग ती परत आली, कोपर टेकवले आणि बसली.

मित्रांनो, माझ्यासारख्या इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतील, आम्हाला पुसा, पॉलिश करा, जपा. मी तसे काही मागत नाही. माझा वेत फाटू द्या, पाय मोडू द्या, हवे तर चुलीत घाला. पण माझ्यावर बसलेल्या बाईकडे जरा बघा, आणि तिच्या पोरीसाठी मला राखू नका.