वहीत न निघालेली आजी

हौशीराम भाटांनी वंशावळीच्या वहीचं लाल फडकं सोडलं, थुंकी लावून बोट ओलं केलं आणि पानं उलटायला सुरुवात केली. महिपतीचा सगळा जीव त्या बोटात अडकला.

साल एकोणीसशे छत्तीस. कान्ह्यातली महिपतीची ओसरी. समोर परंदवडीचे कोंडाजी ऐसपैस मांडी घालून बसलेले. महिपतीची पोरगी त्यांना सून म्हणून पसंत होती. अडलं होतं ते एवढ्यावरच, की महिपतीची आजी लग्नाची का पाटाची? विधवेनं दुसरं घर केलं की तो पाट, आणि पाटाच्या वंशातली मुलगी कोंडाजींसारखे लोक करत नसत. दोन स्थळं याच कुजबुजीनं मोडली होती. भाटाच्या वहीत निघेल ते खरं, असं आता ठरलं होतं.

काय निघणार ते महिपतीला पक्कं ठाऊक होतं. आजोबा मारुती, त्यांची लग्नाची बायको अंबूबाई, ती मूल न होताच गेली. मग मळवलीची कस्तुराबाई पाटानं आली. बाराव्या वर्षी कपाळ पुसलेली बाई ती. महिपतीचा बाप दत्तोबा तिच्याच पोटचा. मेलेल्या सवतीच्या नावानं घडवलेला चांदीचा टाक तिनं जन्मभर गळ्यात बाळगला. त्याला हळदकुंकू लावल्याशिवाय तोंडात पाणी घेतलं नाही. आई गेल्यावर महिपतीला वाढवलं ते तिनंच. अशा आजीची आज लाज वाटावी, याचा त्याला स्वतःचाच राग येत होता.

"मारुती," भाटबुवा वाचू लागले. "त्येची लग्नाची बायको अंबूबाई. तिच्या पोटी दत्तोबा. बास. दुसरी बाई न्हाई."

महिपतीनं वहीवर वाकून पाहिलं.

"ह्ये कुनी सांगितलं?"

"तुज्या बापानं. माजा बाप लिवत व्हता, दत्तोबा सांगत व्हता. हितंच, या ओसरीवर. सन आठ साली."

आठ साली. त्याच वर्षी आजीनं आत्याचं लग्न लावून दिलं होतं. म्हणजे आजी तेव्हा जिवंत होती, घरातच होती. भाटासाठी आत भाकऱ्या थापत असणार, आणि बाहेरचं सगळं ऐकत असणार.

"मग लोकं उगंच बोलत्यात म्हना की," कोंडाजी म्हणाले. "बरोबर हाय न्हवं, महिपतीभाऊ?"

दारात पाण्याचा तांब्या घेऊन पोरगी उभी होती. महिपतीनं तिच्याकडं पाहिलं. सोळा वर्षांची पोर.

"व्हय," तो म्हणाला.

भाटबुवांनी बोरू शाईत बुडवला. "पोरीचं नाव सांग."

"कस्तुरा."

"कुनाचं म्हनायचं ह्ये नाव?" कोंडाजींनी सहज विचारलं.

घोंगडीचा सुटलेला धागा महिपती बोटाला गुंडाळत राहिला.

"कुनाचं न्हाई. आसंच ठिवलं."

"असू द्या. लग्नात आमी बदलूच. अंबू ठिवू. तुमच्या आजीचं नाव चालंल आमच्या घरात."

महिपतीनं मान हलवली.

"आनिक कोन ऱ्हायलं का लिवायचं?" भाटबुवांनी विचारलं.

आजीच्या गळ्यातला तो टाक आता देवघरात होता, ओसरीवरून दिसत होता. सकाळीच कस्तुरानं त्याला कुंकू लावलं होतं.

"न्हाई," महिपती म्हणाला.

भाटबुवांनी शाईवर फुंकर घातली आणि वही बांधली. पोरीनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला, आत गेली, आणि भाटबुवांसाठी भाकऱ्या थापायला बसली.