समाजशास्त्राच्या वर्गाचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. लातुरातल्या एका कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर समाजशास्त्राचा वर्ग आहे, त्याच्या दाराला मी जवळजवळ वर्षभर लटकलेलो असतो. मला या जागेची किळस आलीय आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

जन्म अलीगढचा. तिथून आलो ते गुरुबसप्पांच्या हार्डवेअरच्या दुकानात. वाटलं होतं, एखाद्या तुरीच्या गोदामाला लागेन, नाहीतर सराफाच्या दाराला. आत राखण्यासारखं काही असलं की कुलपालाही मान असतो. इथं आत बाकं आणि फळा. शिकवणं राखावं म्हटलं तर ते आत कधी आलंच नाही.

जूनमध्ये प्रवेशाचं टेबल माझ्यासमोरच व्हरांड्यात मांडतात. उमाशंकर नावाचा क्लार्क प्रत्येकाला एकच मंत्र देतो, "समाजशास्त्र घ्या. लई सोपं हाय. वर्गात यायची कटकट न्हाई, गाईड वाचलं की पास." पोरं खूश होतात. कुणी पोलीस भरतीसाठी पळत असतो, कुणाचं मोबाईलचं दुकान असतं, कुणाला फक्त एसटीचा सवलतीचा पास हवा असतो. शिकवणारे संगमेश्वर सर त्याहून खूश. त्यांचा प्लॉटिंगचा धंदा आहे. माझ्यासमोर उभं राहून फोनवर सांगतात, "गिऱ्हाईक घेऊन या, मी मोकळाच हाय."

अशात देवणीहून पंचशीला आली, सोबत वडील आनंदराज. उमाशंकरनं मंत्र सुरू केला, तेव्हा तिनं त्याला मध्येच थांबवलं. "सोपं हाय म्हणून न्हाई घेत मी. मला हेच शिकायचंय. पुढं एम.ए. करून नेट द्यायचीय, कॉलेजात शिकवायचंय."

वडील म्हणाले, "घ्या लिहून. ती म्हणती तेच."

तेव्हापासून ती रोज अकराला वर यायची, मला ओढून बघायची आणि लायब्ररीत जायची. शिकवणारं कुणी नाही म्हणून तिनं स्वतःच पुस्तकं शोधली. वीटभट्ट्यांवर जाऊन बायकांशी बोलली, त्यांच्या पोरांची शाळा का सुटते ते विचारत फिरली. सर कधी तावडीत सापडलेच तर विचारायची, "सर, तास कधी व्हायचा?"

"होईल की. आधी समिती येऊन जाऊ दे."

ती तपासणी समिती माघात आली. शिपाई नरसिंगमामांनी मला तेल घातलं, दार उघडलं आणि मला उघडंच कडीला अडकवून ठेवलं. आत बसवायला विद्यार्थी कुठून आणायचे? खालच्या मजल्यावरून नीट परीक्षेची तयारी करणारी अकरावी-बारावीची पोरं आणून कोंबली. सर पंचशीलाला म्हणाले, "तू पुढं बस. काही विचारलं तर तूच बोल. उद्यापासून तास चालू करतो, माझा शब्द हाय." एवढ्यासाठी तर ती तडफडत होती. ती बसली.

समितीतल्या बाईंनी वर्गाला विचारलं, "समाजशास्त्र शिकून पुढे काय व्हायचंय?"

"डॉक्टर," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

लातूरची पोरं ती. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी हेच म्हणाली असती. सरांचा चेहरा पडला. बाईंनी एकदा पोरांकडं बघितलं, एकदा सरांकडं. त्यांना सगळं कळलं होतं, मी कडीवरून बघत होतो.

मग पंचशीला उठली आणि बोलायला लागली. भट्ट्यांबद्दल, दरसाल घर हलवणाऱ्या बायकांबद्दल, दाखला नाही म्हणून परत पाठवलेल्या पोरांबद्दल. हे शिकलेल्या माणसाला सर्वेक्षणाची, समाजकल्याण खात्याची, शिकवण्याची कामं कशी असतात तेही तिनं सांगितलं. बाईंनी हातातला पेन खाली ठेवला.

"अशी एक जरी विद्यार्थिनी घडत असेल तर विभाग उत्तम चाललाय," त्या म्हणाल्या आणि खाली श्रीखंड-पुरीच्या पंगतीला गेल्या. सरांपेक्षा मला त्यांचीच जास्त शिसारी आली. सरांचा निदान त्यात धंदा होता. यांना सगळं कळलं होतं आणि यांचं काही अडलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला पंचशीला आली. मी माझ्या जागी होतो. नरसिंगमामा स्टुलावर बसले होते.

"मामा, उघडा की. आज तास हाय, सरांनी शब्द दिलाय."

"सर प्लॉटवर गेलेत, बाई. म्हणले, आता पाच वर्षं समितीची कटकट न्हाई."

तिनं मला एकदा ओढून बघितलं. मग हळूच म्हणाली, "मामा, मी काल गप बसले असते तर आज तास झाला असता, न्हवं का?"

मामा नाही म्हणाले नाहीत.

ती अजून रोज येते. जून जवळ आलाय, व्हरांड्यात पुन्हा टेबल लागेल. तुमच्या घरातलं कुणी समाजशास्त्र शिकायला निघालं असेल तर हात जोडून सांगतो, आधी ऑफिसात जाऊ नका. अकराच्या सुमाराला वर या. मी दाराला दिसलो तर आल्या पावली परत जा. आणि तिथं पंचशीला उभी दिसली तर तिलाही सोबत घेऊन जा.