आकाराममामांचा तळवा

"डोळं मीट, आकाराम. हात ठिव हितं. हललं का?"

आई जाऊन तेवीस वर्षं झाली, पण तिचा हा आवाज आकाराममामांना अजून लख्ख ऐकू येतो. आटपाडीचा गोठा, गाभण म्हैस, तिच्या कुशीवर टेकवलेला सहा वर्षांचा तळवा. आणि आत, अजून जन्माला न आलेलं कुणीतरी अलगद वळलेलं. छोटा आकाराम तेव्हा श्वास घ्यायचंच विसरला होता.

बाहेरचे आवाज मात्र गेल्या दोन वर्षांत विझत विझत गेले. हे ठाऊक फक्त बायकोला, आक्काताईला. तासगाव रस्त्यावरच्या बेदाण्याच्या शीतगृहात रोज सकाळी चारही फोर्कलिफ्ट तपासायच्या आणि कागदावर खुणा करायच्या, हे मामांचं सव्वीस वर्षांचं काम. बहिरेपण कळलं असतं, तर ते त्याच दिवशी सुटलं असतं.

गाडी बंद असताना ते पुढच्या, माल उचलणाऱ्या लोखंडी काट्यांवरून नख फिरवत, केसाएवढी चीर शोधत. साखळीचा ताण अंगठ्याला कळे, तेलाची गळती बोटाला. मग गाडी सुरू करायला सांगून मागच्या पत्र्यावर तळवा टेकत. टनभर बेदाणा लेकरू कडेवर घ्यावं तसा वर जाई आणि मोटरीची धडधड त्यांच्या हातात उतरे. केवढं वजन, आणि किती हळुवार! रोज पाहून रोज नवल वाटे. हॉर्न दाबला की डॅशबोर्ड शहारे, तेही कळे. मागं येताना वाजणारा बझर तेवढा हाताला लागत नसे. तिथं मामा अंदाजानं खूण करत.

आज अकराच्या सुमाराला तिसरी गाडी मागं आली. खोकी रचणाऱ्या रंगूबाई पाठमोऱ्या होत्या. चालवणाऱ्या स्वप्नालीनं मान वळवून पाहिलं, म्हणून चाक वीतभर अलीकडं थांबलं. बझरची तार तुटलेली होती. रंगूबाई खोक्यावर बसून घटाघटा पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, अजून नातसुनंचं त्वांड बघायचंय बाई, इतक्यात न्हाई जायची मी. कुणी हसलं नाही.

सुपरवायझर वीरधवल तपासणीचा कागद घेऊन स्वप्नालीसमोर आला. मामा त्याच्या ओठांकडं बघत राहिले.

"सकाळी मामांची खूण हाय की हितं. तार तूच कुठंतरी तोडलीस. चावी ठिव, उद्यापासनं येऊ नगंस."

स्वप्नालीनं चावी टेबलावर ठेवली. मामांकडं एकदाच पाहिलं.

मामांना एकदम उमगलं. त्यांच्या खुणा झाल्या की ही पोरगी रोज चारही गाड्या हातभर मागं घ्यायची. त्यांना वाटायचं, नवी आहे, हात बसवतेय. बोलायची तीही नेहमी समोर येऊन, सावकाश. आज तिची एसटी उशिरा आली आणि तेवढं मागं घेऊन बझर ऐकणं राहून गेलं. कितीतरी महिने ती त्यांचे कान झाली होती, आणि आता पोटावर पाय येत असतानाही ओठ मिटून उभी होती. एवढ्याशा जिवात एवढं मन मावतं तरी कसं? मामांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

त्यांनी चावी उचलून तिच्या हातात दिली.

"वीरधवल, चूक तिची न्हाई." आपला आवाज किती मोठा निघतोय ते त्यांना कळत नव्हतं, खोकी रचणारे सगळे हात थांबले होते. "मला ऐकू येत न्हाई. दोन वरसं झाली. बझर वाजतोय का न्हाई, मला ठावंच नव्हतं. मी नुसती खूण करत हुतो."